सळईबाहेरचे पावणेदोन इंच

समुद्रकाठच्या घराची सळई गंजायला लागली की पहिली खूण छज्ज्याच्या खालच्या कडेला दिसते. पागोळी जिथून गळते तिथे आधी तांबूस ओघळ येतो. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत त्याच रेषेत बारीक चीर पडते, आणि मग एके दिवशी हाताच्या पंजाएवढी खपली सुटून अंगणात पडते. उघड्या पडलेल्या सळईला स्क्रू-ड्रायव्हर लावला की गंजाचे पापुद्रे एकावर एक सुटत जातात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, काही अवस्थांत सहापटीपर्यंत जागा घेतो, आणि ती जागा त्याला भोवतालचं काँक्रीट फोडूनच मिळते. त्यामुळे खपली पडते त्याच्या कितीतरी आधीपासून आत बिघाड सुरू झालेला असतो.

आम्ही रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात घरांची आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, कामं करतो आणि जुन्या घरांची दुरुस्तीही करतो. दुरुस्तीसाठी काँक्रीट फोडलं की बांधताना कुणी कुठे हात आखडला होता ते समोर येतं. सिमेंट कमी पडल्यामुळे खराब झालेली घरं त्यात थोडीच असतात. बहुतेक घरं जातात ती सळई आणि बाहेरची हवा यांच्यामधल्या थरात केलेल्या चालढकलीमुळे. या थराला साइटवर सगळे कव्हर म्हणतात. तिथे वाचवलेल्या गोष्टी पाहिल्या तर वाईट वाटतं, कारण त्यांतल्या बऱ्याचशा जवळपास फुकटच्या असतात: सिमेंटचा एक ठोकळा, अर्धी बादली कमी पाणी, दहा-चौदा दिवसांचं पाणी मारणं.

कोकणात घाई कुठून येते तेही सांगायला हवं. मालक बहुतेक वेळा मुंबईला. काम सुरू होतं दिवाळीनंतर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी उभा. त्याआधी स्लॅब पडला पाहिजे, आणि गणपतीला घरात दिवा लागला पाहिजे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कौलं, पत्रे उडवले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून कौलारू छपराऐवजी स्लॅब मागणारे आणखी वाढले. म्हणजे मिठाच्या हवेत लोखंड घालण्याचं काम वाढलं, आणि ते बहुतेक सगळं एप्रिल-मे या दोनच महिन्यांत उरकायचं. त्याच दिवसांत विहिरी तळाला गेलेल्या असतात, ऊन रणरणतं असतं आणि दुपारनंतर खारं वारं सुटतं. काँक्रीटसाठी याहून वाईट दिवस वर्षात नाहीत.

नियम काय सांगतो ते आधी पाहू. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 456:2000 मध्ये, हवामानानुसार काँक्रीटचे वर्ग पाडलेले आहेत. किनाऱ्याच्या वातावरणात उघडं असलेलं काँक्रीट 'सीव्हिअर' वर्गात येतं. त्याला किमान एम30 प्रतीचं काँक्रीट (एमपुढचा आकडा मोठा तितकी ताकद जास्त), घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45 आणि कव्हर 45 मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम35 आणि 50 मिमी. घाटावर आतल्या बाजूच्या कोरड्या कामाला 20 मिमी कव्हर चालतं. इथे येणारे बरेच नकाशे पुण्या-मुंबईच्या ऑफिसात काढलेले असतात आणि स्लॅबला 20 मिमी कव्हर, 125 मिमी जाडी हे आकडे सवयीने त्यात उतरतात.

मीठ काँक्रीटमधून आत झिरपायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कव्हर निम्मं केलं तर सळईपर्यंत मीठ पोचायला निम्मा नव्हे, जवळपास चौथा हिस्सा वेळ लागतो. म्हणून 45 च्या जागी 20 मिमी राहिलं की चाळीस वर्षं टिकायचं ते आठ-दहा वर्षांत तांबूस ओघळ दाखवायला लागतं.

मात्र नुसतं कव्हर वाढवून भागत नाही. 125 मिमीच्या स्लॅबला खालून 45 मिमी कव्हर दिलं आणि सळई 10 मिमीची असली तर वरून सळईच्या मध्यापर्यंत फक्त 75 मिमी उरतात. वजन पेलण्याची ताकद त्या 75 वरच ठरते. म्हणून किनाऱ्यावर स्लॅब 150 मिमीचा करायचा, म्हणजे 100 मिमी हातात राहतात. हा निर्णय डिझाइनच्या वेळी व्हायला हवा, सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, उभं राहून नाही. कॉलमचंही तसंच. भिंतीच्या रेषेत लपावा म्हणून 9 इंची, म्हणजे 230 मिमीचा कॉलम मागितला जातो. दोन्ही बाजूंनी 45 मिमी गेले की आत 140 मिमी राहतात. त्यात सळया, त्यांना वेढणाऱ्या रिंगा आणि माल हलवून बसवणारा निडल व्हायब्रेटर बसवायचा म्हटलं की सळई बांधणारा फिटर रिंग मोठी करतो आणि कव्हर खातो. कॉलम 300 मिमीचा ठेवा. खोलीचा एक कोपरा दोन-तीन इंच पुढे येईल, येऊ दे.

आता माल. सगळ्यात मोठी चोरवाट वाळूची. नदीची वाळू मिळणं अवघड झालं तशी खाडीची वाळू, किंवा रात्री किनाऱ्यावरून उचललेली वाळू ट्रॉलीत दिसायला लागली. किनाऱ्यावरून वाळू उचलणं बेकायदा तर आहेच, पण घरासाठी ती काय करते याचा हिशेब मांडून बघा. एक घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे 700 किलो वाळू जाते. वाळू 5 टक्के ओली असेल तर तिच्यात 35 लिटर समुद्राचं पाणी असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19 ग्रॅम क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा भाग. गुणाकार केला तर 665 ग्रॅम. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये सगळं मिळून 600 ग्रॅमच्या वर क्लोराइड नको, ही आयएस 456 ची मर्यादा. म्हणजे पाणी, सिमेंट, खडी यांचा हिशेब धरायच्या आधी एकट्या वाळूनेच मर्यादा ओलांडली. अशा घरात मीठ बाहेरून यायची वाट बघावी लागत नाही, ते सळईला पहिल्या दिवसापासून चिकटलेलं असतं.

खाडीची वाळू मुखापासून किती आत उपसली आणि कोणत्या महिन्यात, यावर तिच्यातलं मीठ ठरतं. ती वापरायचीच असेल तर गोड्या पाण्याने धुऊन आणि पातळ पसरून एक अख्खा पावसाळा खाऊ द्यावी. ढीग करून ठेवली तर वरची धुतली जाते आणि खालची तशीच राहते. जागेवरची पटकन तपासणी म्हणजे मूठभर वाळू डिस्टिल्ड पाण्यात ढवळायची, निवळ वेगळी करायची आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दह्यासारखा पांढरा साका झाला की क्लोराइड आहे. किती आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. आम्ही आता बहुतेक कामांना धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरतो. क्रशरची न धुतलेली ग्रिट स्वस्त पडते, पण तिच्यातली भुकटी पाणी पिते, माल घट्ट होतो आणि मिक्सरवाला पाणी वाढवतो. वाळूत चिखल किती आहे ते काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवून तीन तास ठेवलं की वर बसलेल्या थरावरून कळतं. हा थर वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांवर गेला तर गाडी परत पाठवतो.

पाण्याला आयएसची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम क्लोराइडची आहे. खाडीलगतच्या विहिरी पावसाळ्यात गोड असतात, मार्चनंतर मचूळ होतात. नोव्हेंबरात तपासून घेतलेल्या पाण्याचा रिपोर्ट मेमधल्या स्लॅबला दाखवणं ही कागदावरची चोरवाट आहे. स्लॅबच्या आठवड्यात पुन्हा नमुना द्या. विहीर मचूळ निघाली तर टँकर बोलवा, आणि टँकर कुठून भरतो तेही विचारा.

सळई पावसाआधी एकदम स्वस्तात घेऊन परसात उघड्यावर टाकण्याची पद्धत आहे. आतल्या भागात असं पडलेल्या सळईवर आलेला पातळ तांबूस थर काँक्रीटला त्रास देत नाही. समुद्राच्या वाऱ्यात पडलेली सळई वेगळी. तिच्यावर मीठ बसतं, बारीक खड्डे पडतात, आणि ते खड्डे तारेच्या ब्रशने जात नाहीत. सळई लागेल तशी आणायची, जमिनीपासून फूटभर वर लाकडी ओंडक्यांवर ठेवायची, वरून झाकायची पण बाजूने हवा खेळू द्यायची. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळली की आत घाम धरतो. बाजारात गंजरोधक म्हणून मिळणारी सीआरएस सळई घेतली तरी कव्हर कमी करायची मुभा मिळत नाही. दुकानदार तसं सांगतात, ते चूक आहे.

चिऱ्यांबद्दल, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांबद्दल, थोडक्यात. खाणीतून निघालेला जांभा ओला आणि मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. तो निदान दोन-तीन महिने उघड्यावर सुकलेला हवा. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे कप्पे असलेला चिरा बाजूला काढायचा. कोरडा चिरा 24 तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन केलं आणि वाढ 12 टक्क्यांच्या आत राहिली तर तो वापरण्याजोगा. सांध्यात माल भरण्याआधी चिऱ्यावर पाणी मारलं नाही तर तो मालातलं पाणी शोषतो आणि सांधा हाताने खरवडता येईल असा राहतो.

सेंट्रिंगकडे लोक फक्त मजबुतीच्या नजरेने बघतात. तिचं दुसरं काम म्हणजे सिमेंटचं पाणी धरून ठेवणं. प्लेटांच्या फटींतून स्लरी गळाली की त्या जागी नुसती खडी उरते, खालून मधाच्या पोळ्यासारखी खडीची पोकळ जाळी दिसते, आणि ती म्हणजे मिठाला उघडा दरवाजा. प्लेटांच्या सांध्यांवर पट्टी चिकटवायची, बीमच्या कोपऱ्यांत फोम भरायचा. टेकू भरावाच्या मातीवर उभे असतील तर प्रत्येकाखाली फळी हवी, कारण एक वळीव पडला की माती बसते.

आता कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईला साच्यापासून वर धरणारा ठोकळा, ज्याच्यासाठी एवढं लिहितो आहोत.

साइटवर काय होतं ते बघा. फिटर सळयांची जाळी बांधून मोकळा होतो. जाळी प्लेटांवर टेकलेली असते. मग कुणीतरी फरशीचे तुकडे, चिऱ्याच्या कपऱ्या किंवा खडी घेऊन येतो आणि पहारीने जाळी उचलून खाली सारतो. फरशीचा तुकडा आठ-दहा मिमीचा असतो. वर माणसं चालली की तो घसरतो, सळई पुन्हा प्लेटेवर. चिऱ्याची कपरी तशीच काँक्रीटमध्ये राहते आणि ती स्वतःच पाणी पिणारी, त्यामुळे खालून सळईपर्यंत थेट वाट तयार होते. काही ठिकाणी वाळू-सिमेंटचे ठोकळे जागेवर पाडतात, पण ते 1:6 च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मालाचे, एक दिवस सुकलेले. दाबले की चुरतात.

हवं ते असं. काँक्रीटचे कारखान्यात तयार केलेले, स्लॅबच्या काँक्रीटइतके किंवा त्याहून मजबूत ठोकळे, 45 मिमीचे, बांधायला तार असलेले. 8 आणि 10 मिमीच्या जाळीखाली दोन्ही दिशांना दर पाऊण मीटरला एक. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे 93 चौरस मीटरच्या स्लॅबला 165 च्या आसपास लागतात. बीम आणि कॉलमचे वेगळे. सगळ्यांची किंमत सिमेंटच्या मोजक्या पोत्यांच्या घरात. प्रत्येक ठोकळा सळईला तारेने बांधायचा, नुसता खाली सारायचा नाही. आणि कव्हर मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडापर्यंत. बीममध्ये सगळ्यात बाहेर रिंग असते. ठोकळा मुख्य सळईखाली लावला तर 8 मिमीच्या रिंगेला 45 ऐवजी 37 मिळतात, आणि रिंगच आधी गंजते. ठोकळा रिंगेखाली लावायचा.

बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायची. टोक प्लेटेला टेकलं तर प्लेटा उतरवल्यावर खाली काळा ठिपका दिसतो. तो ठिपका पुढे तांबडा होतो. इलेक्ट्रिशियनला पाइप खालच्या जाळीच्या वर टाकायला सांगायचं. घाईत तो जाळीखालून सरकवतो आणि तेवढ्या पट्ट्यात कव्हर संपतं.

छज्ज्याची आणि गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिला खालून चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, लागतात, नाहीतर घमेली घेऊन चालणाऱ्या पायांखाली ती दबते. कोकणात पावसामुळे छज्जे लांब ठेवतात, दोन ते तीन फूट. मुळाशी 100 मिमी जाडीच्या छज्ज्यात 45 मिमी कव्हरची सळई आधीच मध्याजवळ असते, ती आणखी 25 मिमी खाली गेली तर तिचं ओढ घेण्याचं काम निम्म्यावर येतं. टेकू काढल्यावर छज्जा मुळाशी चिरतो तो यामुळे, आणि चीर वरच्या बाजूने असल्याने पाणी थेट सळईवर. चेअर दर दोन फुटांना, आणि चालायला फळ्या.

स्लॅबचा दिवस. गँगचा दर चौरस फुटावर ठरलेला असतो, तेव्हा जितकं लवकर संपेल तितकं त्यांच्या फायद्याचं. माल पातळ असला की घमेल्यातून पटकन सुटतो, पसरतो, थापी मारावी लागत नाही. मिक्सरवाल्याच्या हातात पाण्याचा पाइप असतो आणि तो ड्रमकडे बघून अंदाजाने सोडतो. वरून कुणी "माल कडक येतोय रे" असं ओरडलं की पाइप आणखी थोडा वेळ आत.

हिशेब असा आहे. 50 किलोच्या पोत्याला 0.45 प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी. त्यातलं साडेचार-पाच लिटर ओल्या वाळूतच असतं, तेव्हा वरून टाकायचं ते अठरा लिटरच्या आसपास. त्याच्यावर अर्धी बादली, म्हणजे दहा लिटर वाढलं की प्रमाण 0.65 झालं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी आणि त्यातून तयार होणाऱ्या जेलच्या छिद्रांसाठी मिळून 0.38 च्या आसपास पाणी पुरतं. बाकीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे एकमेकांना जोडलेल्या बारीक नळ्या सोडतं. ताकद तर घटतेच, पण किनाऱ्यावर जास्त नुकसान या नळ्यांचं. 0.5 च्या पुढे त्या झपाट्याने वाढतात आणि 45 मिमीचं कव्हरसुद्धा 20 मिमीसारखं वागायला लागतं.

म्हणून पाइप काढून घ्यायचा आणि लिटरच्या खुणा केलेली बादली द्यायची. माल सरकायला हवा हे गँगचं म्हणणं रास्तच आहे, त्यासाठी अ‍ॅडमिक्स असतं. पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या प्लास्टिसायझरचं प्रमाण कंपनीच्या पत्रकाप्रमाणे आणि ट्रायल घेऊन ठरवायचं, पोत्यामागे ते काहीशे मिलिलिटरच असतं. ते शेवटच्या पाण्यात मिसळून टाकायचं, कोरड्या मालावर ओतायचं नाही. माल किती पातळ आहे ते मोजायला स्लंपचा साचा जवळ ठेवायचा: 300 मिमी उंच, खाली 200, वर 100. तीन थरांत भरून प्रत्येक थराला 25 वेळा टोचायचं आणि साचा सरळ वर उचलायचा. माल 75 ते 100 मिमी खाली बसला की स्लॅबला पुरे. पहिल्या तीन-चार खेपांत हा ताळमेळ बसला की दिवसभर गँगशी वाद होत नाही.

घमेल्याने मोजण्याबद्दल एक गोष्ट. ओली वाळू फुगते, 20 ते 30 टक्क्यांपर्यंत. कोरड्या वाळूचा फर्मा (मापाची पेटी) तोच ठेवला तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि माल खरबरीत येतो. आणि ठरावीक घमेल्यांचं नॉमिनल मिक्स आयएसमध्ये फक्त एम20 पर्यंतच आहे. एम30 साठी डिझाइन मिक्स, म्हणजे चाचणीने ठरवलेलं वजनी प्रमाण, करून घ्यावंच लागतं आणि वजनकाटा असलेला मिक्सर आणावा लागतो.

निडल व्हायब्रेटर उभा घालायचा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, पाच ते पंधरा सेकंद, आणि सावकाश वर काढायचा. 40 मिमीच्या निडलला दर फूट-सव्वाफुटावर. निडलने माल आडवा ढकलला की खडी मागे राहते आणि स्लरी पुढे जाते. भाड्याचा एकच व्हायब्रेटर आणून तो दहा वाजता बंद पडला की उरलेला स्लॅब सळईने कोचून काढतात. दोन आणा.

पहाटे सहाला सुरुवात केली तर वारा सुटण्याआधी बराचसा भाग होतो. फिनिशिंग झाल्याबरोबर प्लास्टिक अंथरायचं. उन्हात आणि वाऱ्यात पहिल्या काही तासांतच वरच्या पृष्ठभागावर आडव्या-तिडव्या चिरा पडतात. काँक्रीट हिरवं, म्हणजे अजून मऊ, असतानाच त्यांवर पुन्हा थापी फिरवली तर त्या मिटतात, दुसऱ्या दिवशी स्लरी शिंपडून मिटत नाहीत.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, टाकताना फसवणूक होते ती अशी की क्यूबसाठी एक खेप वेगळी, घट्ट बनवतात. मधल्या कोणत्याही खेपेतून न सांगता माल घ्यायचा. वरच्या स्लॅबला बीम धरून 16 ते 18 घनमीटर होतात, त्याला आयएसप्रमाणे तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. क्यूबचा रिपोर्ट चांगला आला तरी कव्हरबद्दल तो काहीच सांगत नाही हे लक्षात ठेवायचं.

मग पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, आणि इथेच मे महिना घात करतो. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट), स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं) किंवा उष्ण कोरडी हवा असेल तर किमान 10, आणि अशा मिश्र सिमेंटला 14 दिवसांची शिफारस. स्लॅग सिमेंट क्लोराइडला चांगलं अडवतं, आम्ही मिळेल तिथे तेच घेतो, पण ते सावकाश पक्कं होतं आणि पाण्यात कसूर केली तर साध्या सिमेंटपेक्षा जास्त बिघडतं. पाणी तुटलं की सगळ्यात आधी सुकतो तो बाहेरचा थर, म्हणजे नेमकं कव्हर. आतला गाभा स्वतःच्या ओलाव्यावर पक्का होतो आणि क्यूब तर टाकीत बुडवलेलाच असतो, म्हणून कागदावर काही दिसत नाही.

93 चौरस मीटरवर वाफे बांधून 50 मिमी पाणी उभं करायचं तर सुमारे 4,650 लिटर लागतं, म्हणजे एक टँकर. नंतर रोज उडालेलं आणि गळालेलं भरायचं. टँकरचा खर्च वाचवायला सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला जातो. भर उन्हात ते पाणी अर्ध्या तासात सुकतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिल्याने काँक्रीट नीट पक्कं होत नाही. पाणी खरंच कमी असेल तर ओली गोणपाटं अंथरून वर प्लास्टिक घाला, निम्म्याहून कमी पाण्यात भागतं. बीमच्या बाजू आणि कॉलम यांना कुणी वाली नसतो. कॉलमला गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचं. पडवीचे कॉलम सगळ्यात जास्त वारा खातात, आणि दुरुस्तीला आलेल्या घरांत बहुधा तेच आधी फुटलेले असतात. खारं पाणी क्युरिंगलाही नको, उडून गेल्यावर मीठ वरच राहतं.

प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून टेकू लवकर सुटतात. साध्या सिमेंटला आयएसचे दिवस असे: आधारांमधलं अंतर 4.5 मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14, 6 मीटरपर्यंतच्या बीमला 14, पुढे 21. पीपीसीला आम्ही स्लॅबला 14 आणि बीमला 21 च्या खाली जात नाही. छज्ज्याचे टेकू टोकाकडून मुळाकडे काढायचे.

गिलावा करण्याआधी एक दिवस थांबा. खालून स्लॅब बघा, काळे ठिपके, खडीची जाळी, फरशीचे तुकडे दिसतात का ते बघा, आणि काँक्रीट न फोडता कव्हर मोजणारा कव्हर मीटर भाड्याने आणून बीम-कॉलमवर फिरवा. मुंबईत बसलेल्या मालकाने फोनवर कामाचे फोटो मागवताना काम चालू असल्याचे नुसते फोटो मागवू नयेत. ठोकळ्याशेजारी टेप धरलेला, पाण्याची खुणा केलेली बादली, स्लंपचा साचा आणि आठव्या दिवशी दुपारी दोनचा स्लॅब, असे मागवावेत. दुपारी दोनला स्लॅब पांढरा दिसला तर क्युरिंग होत नाही.

ज्यांच्या घराची खपली आधीच पडली आहे त्यांच्यासाठी. गवंडी येतो, गंज थोडा खरवडतो, सिमेंटचा माल थापतो, रंग देतो. दोन पावसाळ्यांत तो तुकडा पडतोच, शिवाय शेजारी नवीन चीर जाते. कारण जुन्या मिठाळ काँक्रीटमधली सळई आणि नव्या मालातली सळई एकच असते. नव्या मालातला भाग सुरक्षित झाला की लगतचा भाग जास्त वेगाने गंजायला लागतो. म्हणून फोडायचं ते खपलीपुरतं नाही. सळई स्वच्छ लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी पुढे जायचं आणि सळईच्या मागे बोट जाईल इतकं, 20-25 मिमी, मोकळं करायचं. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं आणि गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचं. व्यास कुठे बराच खाल्ला गेला असेल तर इंजिनिअरला दाखवून जोडसळई टाकायची. मग झिंकयुक्त प्रायमर, आणि तो सुकल्यावर पॉलिमरयुक्त माल थराथराने. या मालालाही क्युरिंग लागतं. आणि हे सगळं करताना खाली टेकू असू द्या, कारण सळई मोकळी केली की तेवढा वेळ बीम तिच्याशिवाय उभा असतो.